कबमध्ये सिक्सर होता, स्काउटमध्ये जायला रडतो

गेल्या वर्षी एका आईचा फोन आला, इथल्याच, इंदूरच्या रामबागेतल्या. "ताई, आमचा मुलगा कबमध्ये दोन वर्षं सिक्सर होता, घरी यायचा तो उड्या मारतच, आता दहाचा झाला म्हणून स्काउटमध्ये गेला तर महिनाभरात म्हणतो मला नकोच ते, आणि दर शनिवारी पोट दुखतं. प्रवेश बॅजची भीती बसलीये बहुतेक, एवढं पाठांतर झेपत नसेल."

कब म्हणजे स्काउटच्या आधीचा लहान मुलांचा गट, त्यातल्या छोट्या तुकडीचा, सिक्सचा, म्होरक्या तो सिक्सर, आणि प्रवेश बॅज ही स्काउटची पहिली परीक्षा. मी मुलांचं समुपदेशन करते, हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो, कधी स्काउटचा असतो, कधी कबड्डीच्या मोठ्या टीमचा. पोटाचं आधी डॉक्टरांना दाखवून घ्या म्हटलं, ते त्यांनी केलं होतं, काही निघालं नव्हतं.

पोरगा आला आणि बसला गप्प. मी म्हटलं, मला तुमचं ते डाव्या हाताचं शेकहँड शिकव ना. झट्कन हात पुढे. मग नियम विचारले तर नऊच्या नऊ धडाधड म्हणून दाखवले, विश्वसनीय असतो इथपासून मन, वचन, कर्माने शुद्ध इथपर्यंत, प्रतिज्ञासुद्धा, १९०७ चा ब्राउन्सी बेटावरचा पहिला कॅम्पसुद्धा. म्हणजे पाठांतराचा प्रश्नच नव्हता! मग काय रे? बराच वेळ बोललाच नाही, नंतर हळूच म्हणाला, "माझे सगळे बॅज काढून टाकले."

तिथे मला कळलं. कबमध्ये याची बाही भरलेली, याच्या सिक्समधली छोटी पोरं याच्याकडे बघून चालायची, आणि आता कोरा शर्ट. दीक्षा होईस्तोवर, म्हणजे प्रतिज्ञा घेऊन रीतसर स्काउट होईस्तोवर, स्काउटचा स्कार्फ पण नाही, आणि आजूबाजूला सतरा वर्षांपर्यंतचे दादा लोक, काहींना मिशा फुटलेल्या. त्याला परीक्षेची भीती नव्हती हो, त्याची जागा गेली होती. दहा वर्षाच्या मुलाला हे दुःख खूप मोठं असतं आणि आपण मोठी माणसं त्याला "अरे त्यात काय, नवे मिळतील" म्हणून मोकळे होतो.

एक चूक माझीही झाली ती सांगते. मी आधी म्हटलं की दोन शनिवार सुट्टी घेऊ दे. त्या दोन शनिवारात त्याच्या टोलीने, म्हणजे स्काउटमधल्या त्याच्या छोट्या तुकडीने, नवीन आरोळी बसवली आणि हा परत गेला तेव्हा आणखीच परका. आता मी अशी सुट्टी चट्कन सुचवत नाही.

मग काय केलं, तर जुने बॅज आजीने एका चौकोनी कापडावर टाके घालून लावून दिले, ते त्याच्या टेबलावर. बाबा स्वतः लहानपणी स्काउट होते, रोज जेवताना प्रश्न विचारायचे, ते मी हात जोडून बंद करवलं, मनापासून करत होते बिचारे पण पोराच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आणि आईबाबांना विचारून, मुलाला सांगून मी स्काउट मास्तरांशी बोलले की याला शिकवायला टोलीतलाच वर्षभर मोठा कुणीतरी द्या, सगळ्यात हुशार नको, नुकताच या वाटेने आलेला हवा. त्या दादाने याला पहिल्याच दिवशी सांगितलं की मी पण कबमधून आलो तेव्हा महिनाभर कोपऱ्यात उभा राहायचो. माझ्या चार सेशनपेक्षा ते एक वाक्य जास्त कामाला आलं.

रोजच्या सत्कृत्याची डायरी मात्र मला फार आवडली. आधी बाबांच्या सांगण्यावरून मोठमोठं लिहायचा, नंतर स्वतःचं लिहायला लागला: नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं तर आज पहाटे आलं तेव्हा शेजारच्या काकूंची बेल वाजवली. आजीचा चष्मा शोधला. कचरा गाडीचं गाणं ऐकून ओल्या कचऱ्याची बादली खाली नेली. यात भीती कुठेच नव्हती.

पण एक नीट ऐका. मुलगा एकाच माणसाचं नाव टाळत असेल, कपडे बदलायला घाबरत असेल, अंगावर वळ दिसत असतील, तर ही गोष्ट तुमच्यासाठी नाही, तिथे टोली-दादा वगैरे काही नाही, आधी मुलाला तिथून काढा आणि मग शांतपणे विचारा.

दीक्षेला मी गेले नव्हते, आईने सांगितलं. डावा हात झेंड्यावर, उजव्या हाताने स्काउट चिन्ह, आणि प्रतिज्ञेत मध्येच अडकला, एकदम शांतता, तर तो दादा मागून नुसता खाकरला आणि याला पुढचा शब्द आठवला. खिशावर बॅज लागला.

अजूनही एखाद्या शनिवारी पोट दुखतं म्हणतो. आजी हिंग घातलेलं ताक देते, तो पितो आणि बूट घालायला बसतो.