हाडांची नावं पाठ आहेत, पण हाड हातात आलं की डावं-उजवं कळत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बीएएमएसच्या पहिल्या वर्षाला आहात, रचना शारीरची (अ‍ॅनाटॉमीची) तोंडी परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे, नावं घडाघडा येतात, पण हाडांवरच्या खुणा 'सगळ्या सारख्याच खडबडीत' वाटतात. वाचून मला माझी तोंडी आठवली. परीक्षकांनी हातात फिब्युला दिलं, नडगीच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड. मी ते उलटं धरलं, घोट्याकडचं टोक वर, आणि त्या उलट्या हाडावर वरपासून खालपर्यंत सगळ्या खुणा ठणकावून सांगून टाकल्या. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान. आता हेच हाड सरळ धरून सांगा." नापास झालो हे वेगळं सांगायला नको.

सप्लिमेंटरीचा अभ्यास करायला गावी आलो. गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. सीनियरकडून मिळालेला बोन सेट खताच्या रिकाम्या पोत्यात भरून आणला होता. आजीने ओट्यावरच अडवलं. "हे हाडकं घरात आनशीन त मी घरात राहत नाही." मी म्हटलं, प्लास्टिकचे आहेत. तर म्हणाली, "प्लास्टिकले असा वास येते काय?" तिचं बरोबर होतं. सेट जुना होता, खऱ्या हाडांचा. एके काळी आपल्या देशातून जगभर सांगाडे जायचे, 1985 साली सरकारने ती निर्यात बंद केली. खरे सेट आता कमीच दिसतात. सीनियरकडे असा सेट असेल तर मागून घ्या, कारण स्वस्तातल्या प्लास्टिकच्या हाडांवर खुणा अर्धवट उमटलेल्या असतात, काही तर नसतातच.

तर माझं पोतं गेलं गुरांच्या कोठ्यात, कुटाराच्या (भुशाच्या) ढिगाजवळ. आणि तेव्हा आमच्याकडे भारनियमन असं की रात्री लाइन गेली की चार-चार तास पत्ता नाही. कंदिलात पुस्तक दिसेना. म्हणून अंधारात पोत्यात हात घालायचा, जे हाड हाताला लागेल ते चाचपून ओळखायचं, मग बॅटरी लावून बघायचं. नाइलाजाने केलेला हा उद्योग, पण जे काही शिकलो ते त्या आठ-दहा रात्रींत.

डोळ्याला खडबडीत ते सगळं सारखंच दिसतं. अंगठ्याला तसं वाटत नाही. दंडाचं हाड, ह्युमरस घ्या. वरचा गोळा तळहातात बसतो. तिथून खाली येत राहा, खालच्या टोकाशी अंगठ्याचं पेर बसेल एवढा खोल खड्डा लागतो. तो खड्डा कशाला? आपण कोपर सरळ करतो तेव्हा अल्नाचं, म्हणजे हाताच्या करंगळीकडच्या लांब हाडाचं, टोक त्यात जाऊन बसतं. कोपराचं टोक मागे असतं, म्हणजे खड्डाही मागेच असणार. हे पाठ करायचं कामच नाही. गोळा वर, खड्डा मागे, आणि गोळ्याचं तोंड छातीकडे, कारण तो खांद्याच्या खोबणीत बसतो. या तीन गोष्टी जमवून हाड स्वतःच्या दंडाला लावून बघा, डावं की उजवं ते आपोआप ठरतं. प्रत्येक हाडाला हेच तीन प्रश्न: वर काय, मागे काय, आत काय. मी फक्त नावं पाठ केली होती, हे प्रश्न कधी विचारलेच नव्हते.

आता खुणा. आमच्या अंगणात कडुलिंबाचं झाड आहे, त्याला कपडे वाळवायची तार बांधलेली. इतकी वर्षं झाली की खोड तारेच्या दोन्ही बाजूंनी फुगलंय आणि तार खाचेत गेलीय. तारेने झाड कापलं नाही, झाड तारेला जागा देत वाढलं. ह्युमरसच्या मागच्या अंगावरची तिरपी खाच मला त्या दिवशी कळली. रेडियल नर्व्ह, मनगट वर उचलणारी नस, तिथून हाडाला चिकटून जाते. नसेने हाड खरवडलं नाही, हाड तिच्याभोवती घडलं. म्हणूनच दंडाचं हाड मधोमध मोडलं की मनगट लोंबकळू शकतं. उंचवट्यांचं उलटं असतं: जिथे स्नायू ओढतो तिथे हाड उचललं जातं. इंजेक्शन देतात तो खांद्याचा स्नायू निमुळता होत दंडाच्या बाहेरच्या बाजूला जिथे संपतो, तिथे डेल्टॉइड ट्युबरॉसिटी. मांडीच्या हाडामागची लांब खरबरीत कड, लिनिया अ‍ॅस्पेरा, मांडीच्या कितीतरी स्नायूंची धरण्याची जागा. लहान मुलाचं हाड गुळगुळीत असतं, कष्टाच्या माणसाचं खरबरीत. म्हणून खूण दिसली की नाव नंतर, आधी विचारा: इथे कोणी ओढलं, का कोण इथून गेलं?

हाड नसेल तेव्हा स्वतःचं अंग आहेच. गळ्याखाली क्लॅव्हिकलवर, म्हणजे गळपट्टीच्या आडव्या हाडावर, बोट ठेवा आणि खांद्याकडे सरकवा. आधी हाड पुढे फुगलेलं लागेल, शेवटच्या तिसऱ्या हिश्शात बोट आत जाईल. ही दोन वळणं मिळतात तिथेच ते बहुतेक वेळा मोडतं. मोटरसायकलवरून पडलेल्यांचं तर हमखास. गोल टोक छातीकडे, चपटं खांद्याकडे. कोपराचे तीन बिंदू बघा, दोन बाजूंचे दोन उंचवटे आणि मागचं टोक. हात सरळ केला की एका रेषेत, वाकवला की त्रिकोण. पोरगं झाडावरून पडून आलं आणि कोपर सुजलेलं असलं तर हा त्रिकोण शाबूत आहे की बिघडलाय यावरून हाड कोपराच्या वर मोडलंय की सांधा निखळलाय याचा अंदाज येतो. एक्स-रेला तालुक्याला जायच्या आधी एवढं तरी हाताला कळावं.

आणि सगळ्यात चांगला नकाशा म्हणजे घरातलं वाळलेलं म्हातारं माणूस. माझ्या आजीच्या मनगटावर, घोट्यावर प्रत्येक टोक वेगळं हाताला लागायचं. दोन दिवस तिने सहन केलं, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी मेल्यावर पाह्यजो बाबू, आता झोपू दे."

ते फिब्युला मात्र मला खऱ्या अर्थाने कळायला प्रॅक्टिस सुरू व्हावी लागली. पन्नाशीच्या एक बाई आल्या. पाच दिवस ठेक्याने सोयाबीन सोंगत होत्या, सकाळपासून उकिडव्या. "डाक्टर, चप्पल पायात राहत नाही. पाय फट्टदिशी पडते." कंबरेची नस म्हणून कोणीतरी कंबर चोळूनही झाली होती. कंबर दुखत नव्हती. पंजा वर उचलता येत नव्हता, पावलाच्या वरच्या भागाला बधिरपणा. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला जो गोळा लागतो ते फिब्युलाचं डोकं, त्याच्या लगेच खाली मान. पंजा वर उचलणारी नस, कॉमन पेरोनियल नर्व्ह, त्या मानेला वळसा घालून जाते, वर कातडीशिवाय फारसं काही नसतं. गुडघा पूर्ण दुमडून तासन्‌तास बसलं की ती तिथे चेंगरते. मी तिथे बोट टेकवलं आणि बाईंनी पाय झटकला. उकिडवं बसणं बंद केलं, दीड-एक महिन्यात पाय परत उचलायला लागला. तुमच्या पुस्तकात 'नेक ऑफ फिब्युला' एका ओळीत उरकलेलं असेल. (डावं-उजवं ओळखायचं तर: खालचं टोक चपटं आणि टोकदार, त्यावरचा गुळगुळीत त्रिकोण आत, त्याच्यामागचा खड्डा मागे.)

उकिडवं बसण्यावरून आणखी एक. तुमच्या सेटमधल्या टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) खालच्या टोकाची पुढची कड बघा. छोटीशी गुळगुळीत, घासलेल्यासारखी जागा आढळली तर तो माणूस बहुधा जन्मभर उकिडवा बसणारा होता. घोटा पूर्ण वाकला की ही कड टॅलसच्या, म्हणजे घोट्यातल्या हाडाच्या, मानेला टेकते, त्याची ती खूण. 1893 साली शरीररचनातज्ज्ञ हॅवलॉक चार्ल्स यांनी पंजाबी लोकांच्या पायांच्या हाडांवर या खुणा वर्णन केल्या. आमच्याकडच्या निंदणाऱ्या, सोंगणाऱ्या बायांच्या हाडांवर त्या असणारच.

संख्येत अडकू नका. चरकात 360, सुश्रुतात 300, आधुनिक पुस्तकात 206. दात, नखं, कूर्चा धरायची की नाही यावरून आकडे बदलतात, तोंडीला हा प्रश्न येतो, एवढंच लक्षात ठेवा. 206 पैकी 106 तर हातापायाच्या पंजांतच आहेत, तिथून सुरुवात केली तर कंटाळून मराल. आधी लांब हाडं, रोज एक, डोळे मिटून. मग अंसफलक (खांद्यामागचं पसरट हाड) आणि श्रोणी (कमरेखालची हाडं). मणके. कवटी शेवटी, आणि तिला सलग आठवडा द्या.

सप्लिमेंटरीला मी फिब्युलाची वाट बघत बसलो होतो. मिळालं अंसफलक. डोळे मिटून त्याचा काटा चाचपला, तो मागे केला, खोबण बाहेर केली आणि म्हटलं, सर, डावं.