पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) उपदेशात राजकारणावर बोलावं का? कुठवर?

कोल्हापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, विचारलंय: निवडणुकीच्या रविवारी पाळकसाहेबांनी 'अमक्यालाच मत द्या' म्हटलं तर चालतं का?

नाही. धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा, 1988 नुसार चर्चची जागा आणि पैसा राजकीय पक्षासाठी वापरता येत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. ही शिक्षा जागा सांभाळणाऱ्यांनाही लागू होते, त्यामुळे 'पाळक बोलले, आम्ही नाही' ही चर्चच्या पंचांची (कारभाऱ्यांची) पळवाट टिकत नाही.

लोकांना माहीत नसलेली गोष्ट वेगळीच आहे. 'त्याला मत दिलंत तर देवाचा कोप होईल' किंवा 'प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा पवित्र विधी) मिळणार नाही' ही भीती लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 123(2) खाली गैरप्रकार ठरते. हे उमेदवाराच्या संमतीने झालं असेल तर त्याची निवडच रद्द होऊ शकते. म्हणजे मदत करायला जाऊन त्यालाच गोत्यात आणायचं.

पाणी, रस्ते, दारू, भ्रष्टाचार यांवर मात्र खुशाल बोलावं. मतदानाला जा म्हणावं, सगळ्याच उमेदवारांसाठी प्रार्थना करावी. फक्त उमेदवाराला व्यासपीठावर बसवून हार घालू नये, घोटाळा बहुधा तिथेच होतो. आणि मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाळकांच्या नावानं प्रचार नको.