रशियन 'रोमान्स' आणि आपला रोमान्स

प्रश्न असा आहे: एका रशियन ध्वनिमुद्रिकेवर, फक्त बॅरिटोन (पुरुषाचा मधल्या पट्टीचा) आवाज आणि पियानो, गाण्यांना 'रोमान्स' म्हटलंय. पण त्यातलं एक गाणं नशिबावर आहे आणि दुसऱ्यात तर शब्दच नाहीत. मग हा रोमान्स कसला? मराठीत त्याला प्रेमगीत म्हणावं की भावगीत?

प्रेमगीत तर नकोच. 'त्या दोघांचा रोमान्स चालू आहे' असं आपण म्हणतो, त्या अर्थी रशियनमध्ये 'रोमान' हा शब्द आहे. कादंबरीलाही 'रोमान'च म्हणतात. त्याला शेवटी 'स' लागला की वेगळाच शब्द होतो: कवितेला चाल लावून एका आवाजासाठी आणि बहुतेक वेळा पियानोसाठी रचलेलं गाणं. आघात 'मा'वर असतो, त्यामुळे पहिला 'ओ' 'अ'कडे झुकतो आणि कानाला जवळजवळ 'रमान्स' ऐकू येतं.

मुळात या शब्दात प्रेम नव्हतंच. युरोपात लॅटिन ही पंडितांची भाषा, आणि तिच्यातून निघालेल्या लोकांच्या बोली त्या 'रोमान्स'. आपल्याकडे संस्कृत आणि प्राकृत, तसंच काहीसं. या बोलींत शूर सरदारांच्या कथा रचल्या गेल्या, त्या कथांनाही तेच नाव पडलं, आणि तिथून पुढे इंग्रजीच्या वाटेने प्रेमाचा अर्थ आपल्यापर्यंत आला. गाण्याचा अर्थ मात्र फ्रान्सकडून रशियाला गेला. अठराव्या शतकातल्या रशियन उमरावांच्या घरांत फ्रेंचचा मोठा मान होता. त्यामुळे सुरुवातीला फ्रेंच शब्दांच्या गाण्यालाच 'रोमान्स' म्हणत, रशियन शब्दांचं असेल तर ते नुसतं 'रशियन गीत'. लोकभाषेचं नाव तिथे परक्या भाषेच्या गाण्याला मिळालं होतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

रशियन संगीतकार ग्लिंकाच्या काळापर्यंत हे नाव रशियन शब्दांच्या गाण्यांचंही झालं. कवी पुश्किनने १८२५ मध्ये आन्ना केर्नसाठी लिहिलेली कविता ग्लिंकाने १८४० मध्ये स्वरबद्ध केली, ती तिच्या मुलीसाठी, येकातेरिनासाठी. हे प्रेमगीत आहे यात शंका नाही. पण रशियन संगीतकार रखमानिनोव्हचा 'बारा रोमान्स' हा ओपस २१ चा (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेचा क्रमांक) संच उघडा. पहिलंच गाणं 'सुद्बा', म्हणजे नशीब. कविता आपुख्तिनची, अर्पण शाल्यापिन या खर्जाच्या गायकाला. नशीब इथे काठी घेऊन माणसाच्या मागे मागे फिरतं आणि दार ठोठावतं. पियानोत संगीतकार बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेच्या, सुरुवातीचे ते प्रसिद्ध चार ठोके ऐकू येतात आणि गायक म्हणतो, 'स्तुक, स्तुक, स्तुक'. 'स्तुक' म्हणजेच ठोका. तुम्ही ऐकलंत ते बहुधा हेच. शब्द नसलेलं गाणं 'व्होकलाइझ' असावं. ओपस ३४ मधल्या चौदा रोमान्सांतलं हे शेवटचं, 'आ'सारखा एकच स्वरवर्ण धरून गायचं. त्याला प्रेमगीत कोणत्या शब्दांच्या आधारावर म्हणणार?

भावगीत हा त्याचा जवळचा नातलग खरा. आधी कविता, मग चाल, आणि एकट्याचा आवाज, हे दोन्हीकडे सारखं. फरक पडतो तो साथीत. भावगीतात पेटी-तबला गायकाच्या मागून चालतात, आणि वादक बदलला की साथीचा रंग बदलतो. रोमान्समध्ये पियानोचा सूर न् सूर रचनाकाराने लिहून ठेवलेला असतो. रखमानिनोव्हच्याच 'वसंतातलं पाणी' या गाण्यात बर्फ वितळून उसळत येणारे लोंढे गायकाइतकेच पियानोवाल्याच्या बोटांतून येतात. म्हणून 'पियानोच्या साथीने' असं लिहिणं मला खटकतं. 'आवाज आणि पियानो' असंच लिहावं.

माझं मत: शब्द 'रोमान्स'च ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे 'रोमान्स-गीत' लिहा म्हणजे घोटाळा होणार नाही. गझलेला आपण मराठी नाव शोधत बसलो नाही, ती गझल म्हणूनच इथे रुजली. मात्र रशियन बॅरिटोन गातो ते सगळंच रोमान्स नसतं, एवढं सांभाळा. रशियन संगीतकार मुसोर्गस्कीने मृत्यूवरच्या आपल्या चार रचनांना 'गीतं आणि नृत्यं' म्हटलं, रोमान्स नव्हे. त्यात मृत्यू स्वतः अंगाई गातो, सैन्याचा सेनापतीही होतो. तिथे मुसोर्गस्कीचाच शब्द पाळावा.

'बॅरिटोन'बद्दल विचारलं नव्हतं, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. ग्रीकमध्ये 'बारुस' म्हणजे जड आणि 'टोनॉस' म्हणजे ताण, सूर. 'बारुस' हा आपल्या 'गुरु'चा सख्खा भाऊ, लघु-गुरु आणि गुरुत्वाकर्षण यांतल्या 'गुरु'चा. आणि 'टोनॉस' ज्या मुळातून आला, त्याच मुळातून आपला 'तन्' धातू आला, आणि त्या 'तन्'पासून ताण, तंतू आणि तान.