मित्र गेला, त्याचा कुत्रा माझ्याकडे आलाय. अर्धंच जेवतो, दाराशी बसून राहतो. मीही सावरलेलो नाही. काय करू?

त्याच्या फिरण्या-जेवण्याच्या जुन्या वेळा तशाच ठेवा आणि मित्राचा एखादा न धुतलेला शर्ट त्याच्या अंथरुणावर टाका. कुत्र्याला माणूस आधी वासानं कळतो, आणि ओळखीची वेळ पाळली की नवं घर कमी परकं वाटतं. माझ्याकडे मैत्रिणीची कुत्री अशीच आली. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की कान टवकारायची. शेजारी उतरले की हनुवटी पुन्हा पंजांवर. त्याला दारापासून ओढून आणू नका, त्याच्याजवळ जाऊन बसा. रडू आलं तर तिथंच रडा, त्याचं काही बिघडत नाही. (मला तरी सकाळी साडेसहाच्या फेरीनंच घराबाहेर काढलं.) जेवत नाही म्हणून चिकन-बिस्किटांचा मारा मात्र नको, नखरे लागतात. पण सगळं दुःखाच्या खात्यावर टाकू नका: गोचिडतापातही कुत्रं असंच मलूल होतं. दिवसभर अन्नाला तोंडच लावलं नाही, पाणी सोडलं किंवा उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टरांकडे न्या. जाताना मित्राच्या घरातून लसीकरणाचं कार्ड शोधून न्या. रेबीजची पुढची तारीख त्यावरच असते.