आठ हातांचा माणूस

प्रश्न : एका अंतराळ-मालिकेची मी चाहती आहे आणि तिच्याच विश्वात घडणाऱ्या कथा लिहिते. सध्याच्या कथेत यान दुरुस्त करणारी एक बाई आणि ऑक्टोपससारखा परग्रहवासी यांची मैत्री आहे. अनुवादयंत्रामुळे ते पहिल्या पानापासून गप्पा मारतात. वाचणारे म्हणतात, 'तो नुसता आठ हातांचा माणूस वाटतो.' कुठं चुकतंय?

उत्तर : आधी ते अनुवादयंत्र काढून टाका. मीही अशा कथांनी वह्या भरल्या आहेत. त्यांतल्या ज्या आजही मला जवळच्या वाटतात, त्यांत दोघांना एकमेकांचा शब्दही कळत नाही.

उष्ण समुद्रांत गोबी मासा आणि पिस्तूल कोळंबी एकाच बिळात राहतात. कोळंबीची नजर अधू. बीळ उकरायचं, वाळू बाहेर ढकलायची, हे तिचं काम. बाहेर आली की तिची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते. मासा तोंडाशी पहारा देतो. धोका दिसला की त्याची शेपटी थरथरते, कोळंबी लगेच मागे सरते. फारच धोका असला तर पाठोपाठ मासाही आत घुसतो. ही तर नुसती गरज, असं कुणी म्हणेल. असू दे, तुमच्या कथेची सुरुवातही गरजेनंच होऊ दे. बाईला एकटीला न जमणारं काम शोधा, आणि त्या कामात ती टेकलेली मिशी कोणती, ते ठरवा.

आता त्याच्या शरीराकडे बघा. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, रक्त निळं असतं. सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी दोन-तृतीयांश भुजांमध्ये असतात आणि भुजांवरच्या चूषकांना चव कळते. म्हणजे तुमचा परग्रहवासी बाईचा हात धरतो, तेव्हा तो तिला चाखतो! ग्रीस, धातू, घाम. ती घाबरली आहे हे त्याला चेहऱ्यावरून कशाला कळायला हवं? आणि एखादी भुजा त्याच्याही आधी तिच्याकडे वळली तर? हा प्रसंग घाईत उरकू नका, दोन पानं द्या.

आणखी एक. बहुतेक ऑक्टोपस जेमतेम एक-दोन वर्षं जगतात. तुमचाही तसाच असेल, तर तिची एक मोहीम म्हणजे त्याचं अख्खं आयुष्य. हे त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे, तिला नाही. तिला ते ज्या दिवशी कळतं, तिथून कथा पुन्हा लिहायला घ्या.