प्लग भाजतोय, पण एमसीबी पडत नाही

तुमचा प्रश्न असा: सॉकेट दोनदा बदललं, तरी गीझरचा प्लग वीस मिनिटांत चटका बसेल इतका तापतो. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) एकदाही पडलेला नाही, म्हणजे वायरिंग ठीकच असणार ना?

नाही. आधी गीझर बंद ठेवा, मग पुढचं वाचा.

2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर घेतो. सांधा, म्हणजे तार स्क्रूला किंवा पिन सॉकेटच्या पट्टीला टेकते ती जागा, घट्ट असेल तर त्याचा रोध (करंटला होणारा अडथळा) धरण्याजोगाही नसतो. तोच सैल होऊन 0.3 ओहमवर गेला, तर करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे जवळपास 23 वॅट उष्णता त्या एका ठिपक्यावर तयार होते. एका छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी, आणि तीही प्लास्टिकच्या बंद डबीत कोंडलेली. करंट मात्र यात वाढत नाही, झालाच तर किंचित कमी होतो. मग एमसीबी कशाला पडेल? आरसीसीबी हा दुसरा सुरक्षा-स्विच करंट वाटेबाहेर गळला तर पडतो, इथे गळतीही नाही. दोघंही धडधाकट आहेत, पण हा रोग त्यांना दिसतच नाही.

साध्या मल्टिमीटरने हा रोध शोधायच्या फंदात पडू नका. त्याच्या स्वतःच्या लीडचाच रोध कित्येकदा एवढा असतो. इथे नाक आणि डोळे जास्त कामाचे: जळक्या प्लास्टिकचा वास, तपकिरी पडलेलं भोक, बटण दाबल्यावर चर्रचर्र.

आता नवं सॉकेट का जळतं ते. तुम्ही सॉकेट बदललंत, प्लग तोच ठेवलात. जुन्या पिनेवर काजळी आणि बारीक खड्डे असतात. नव्या सॉकेटची पट्टी तिला दोन-चार बिंदूंतच टेकते. तिथे तापते, तापून पट्टीचा ताण जातो, पकड ढिली होते, आणखी तापते. थोड्याच दिवसांत नवं सॉकेटही जुन्याच्या पंक्तीला. म्हणून प्लग आणि सॉकेट नेहमी जोडीने बदलायचे. पॉलिश पेपरने पिना घासून काम भागवणारे असतात, पण त्याने मुलामा निघून जातो आणि पिना पुन्हा लवकर काळ्या पडतात.

माझ्याकडेही सॉकेटवरच संशय होता. शेवटी प्लग उघडला. फेजची बाजू स्वच्छ. न्यूट्रलच्या स्क्रूखाली मात्र कुणीतरी भोकात बसावी म्हणून तारेचे निम्मे धागे कापून टाकले होते, आणि स्क्रूने तांब्यापेक्षा इन्सुलेशनच जास्त दाबलं होतं. उरलेले धागे जांभळट काळे, इन्सुलेशन इतकं ठिसूळ की नखाने मोडत होतं. न्यूट्रलला टेस्टर लागत नाही म्हणून त्याकडे कुणी बघत नाही, पण करंट दोन्ही तारांतून सारखाच जातो.

तुमच्याकडे नेमकं कुठे तापतंय ते असं ओळखा. गीझर दहा मिनिटं चालवा, समोरून हलू नका, वास आला की लगेच बंद. मग बटण आणि एमसीबी दोन्ही बंद करून प्लग काढा. पिनांना हात लावू नका, भाजेल. हाताची मागची बाजू जवळ नेली तरी कळतं. एकच पिन तापली असेल तर दोष त्याच पिनेच्या सांध्यात. पिनांपेक्षा प्लगचं पोट गरम असेल तर आतला स्क्रू. वायर सबंध लांबीभर गरम असेल तर ती लोडच्या मानाने बारीक आहे, तिथे सॉकेट कितीही बदला, उपयोग नाही. मधे कन्व्हर्जन प्लग किंवा एक्स्टेंशन असेल तर आधी तेच काढून टाका; गीझर थेट भिंतीच्या 16 अँपिअर सॉकेटलाच हवा. आणि अर्थची पिन मोठी असते, तीही शेजारच्या पिनेमुळे कोमट होऊ शकते, तेवढ्याने घाबरू नका.

दुरुस्ती करताना सर्वात जास्त टाळाटाळ होते ती वायर मागे कापण्याची. काळी पडलेली तार पुन्हा स्क्रूखाली घातली तर सगळं मुसळ केरात. लखलखीत तांबं दिसेपर्यंत कापा. धागे नीट पिळा, एकही कापू नका, जमलं तर फेरूल (धाग्यांवर दाबून बसवायची धातूची छोटी नळी) लावा. टोकाला सोल्डर चढवून स्क्रूखाली देऊ नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं आणि सांधा परत ढिला. स्क्रू आवळल्यावर तार ओढून पाहा. भिंतीतली वायर काळी असेल, किंवा ती ॲल्युमिनियमची निघाली, तर मात्र इलेक्ट्रिशियनलाच बोलवा आणि त्याला बटणाच्या मागचे आणि एमसीबीचे स्क्रूही बघायला सांगा. तिथेही हेच चालू असतं, फक्त प्लगसारखा हात लागत नाही.

काम झाल्यावर आठवड्याने पुन्हा तीच दहा मिनिटांची तपासणी करा. नवा प्लग हाताला जेमतेम कोमट लागला तर चालेल.