राऊटर घेण्याआधी घराच्या भिंती बघा

तुम्ही रामबागेतल्या जुन्या घरासाठी राऊटर शोधताय, तर आधी भिंतींची जाडी सांगा. आमच्या इंदूरच्या जुन्या घरांत दीड-दोन फुटी भिंती सर्रास असतात, आणि तिथे अँटेना चार की सहा याने फार फरक पडत नाही.

वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांत (बँडमध्ये) चालतं. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींतून बरा जातो, पण वेग कमी. शिवाय शेजाऱ्यांची गर्दीही त्याच पट्ट्यात. तिथे राऊटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल (पट्ट्याचा छोटा भाग) १, ६ किंवा ११ यांपैकीच ठेवा, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर दमतो. म्हणून ड्युअल बँड, म्हणजे दोन्ही पट्टे असलेला, हवाच. वाय-फाय ६ (वाय-फायची सहावी पिढी) आणि डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या सुरक्षेची पद्धत) असलेला घ्या.

एक गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही: खोक्यावर १२०० लिहिलेलं असतं ती दोन्ही बँडच्या वेगांची (एमबीपीएसमध्ये) बेरीज असते. मागचे केबलचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतील, तर २०० चा प्लॅन घेऊनही शंभराच्या वर काही मिळणार नाही. मी स्वतः एकदा असा आणून पस्तावलोय. गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) पोर्ट असल्याची खात्री करूनच पैसे द्या.

माडीवर सिग्नल पोचत नसेल तर रिपीटरच्या (वाय-फाय पकडून पुढे पाठवणाऱ्या डब्याच्या) नादी लागू नका. जिन्यातून केबल वर न्या आणि तिथे ॲक्सेस पॉइंट (केबलवरून वाय-फाय देणारं यंत्र) लावा. आणि हो, राऊटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटात ठेवू नका, घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा.

भिंती आणि प्लॅन कळवा, मग मॉडेल सुचवतो.